दुरात्मे, आद्य ख्रिस्ती धर्मातील
ईश्वराशी द्रोह करून पतित झालेले देवदूत आणि त्यांची संतती. सैतान हा त्यांचा म्होरक्या. पण तोही निर्मिलेला जीव, ईश्वराच्या तोडीचा नव्हे, हे ख्रिस्ती लेखक आवर्जून सांगत.

या कल्पनेचे मूळ बायबलमधील उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात व हनोखाच्या ग्रंथात सापडते: देवदूत मानवकन्यांवर भाळले आणि त्यातून अनर्थ ओढवला. जस्टिन मार्टर (मृत्यू सु. १६५) याच्या मते या संबंधांतून जन्मलेल्या दुरात्म्यांनीच लोकांना भय दाखवून देव म्हणून पूजा करवून घेतली. त्यामुळे रोमन देवतेपुढे धूप जाळणे हा ख्रिस्ती माणसाला निव्वळ उपचार वाटत नसे. सम्राट डेशियसने २५० च्या सुमारास सर्वांना यज्ञ करण्याचा हुकूम दिला, तेव्हा काहींनी नकार देऊन मरण पत्करले, त्यामागे ही धारणाही होती. कार्थेजचा टर्टुलियन तर नाट्यगृहही दुरात्म्यांचेच मानी. नाटकाला गेलेली एक ख्रिस्ती स्त्री झपाटून परतली. जाब विचारताच, ती मला माझ्याच जागेत सापडली, असे दुरात्मा म्हणाला, अशी हकिकत त्याने दिली आहे.

या समजुतीतली प्रतीके सर्वांत स्पष्ट दिसतात ती बाप्तिस्म्यात. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये उमेदवार पश्चिमेकडे तोंड करून उभा राही, हात पुढे करून सैतान जणू समोरच असल्यासारखा त्याचा त्याग करी आणि मग पूर्वेकडे वळे. मावळतीची दिशा अंधाराची, उगवतीची नंदनवनाची. अंगाला लावायचे तेलही मंत्रून शुद्ध केलेले असे.

इजिप्तच्या वाळवंटातील भिक्षूंमध्ये दुरात्म्यांशी चाललेल्या लढ्याचे रूप पालटले. अथनेशियसने लिहिलेल्या चरित्रात संत अँथनीवर दुरात्मे सिंह, साप, विंचू होऊन चाल करून येतात. इतकी सोंगे घ्यावी लागणे हेच त्यांच्या दुबळेपणाचे लक्षण, असे तो त्यांना सुनावतो. तेथीलच भिक्षू इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) याने दुरात्म्यांना आठ दुर्विचारांशी जोडले. त्यांतले आळसाचे वर्णन विलक्षण जिवंत आहे: दुपारी सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, भिक्षू सारखा खिडकीकडे पाहतो, जेवणवेळेला किती अवकाश आहे ते बघायला बाहेर डोकावतो आणि त्याला आपल्या खोलीचा वीट येतो. जॉन कॅसियनने ही यादी लॅटिन जगात नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने तिच्यात फेरबदल केले आणि त्यातूनच सात प्रमुख पापांची परंपरा रुजली.