सोसायटी
सोसायटी : मराठीत रूढ झालेला एक इंग्रजी शब्द. मूळ इंग्रजीत तो मुख्यत्वे चार अर्थांनी वापरला जातो : समग्र मानवी समाज, विशिष्ट हेतूने एकत्र आलेल्या व्यक्तींची संस्था, प्रतिष्ठितांचा वर्ग आणि सहवास वा संगत. लॅटिन ‘सोशिअस’ म्हणजे सोबती. त्यापासून ‘सोसायटास’ व पुढे फ्रेंचमधून इंग्रजी शब्द तयार झाला. मराठीने यांपैकी प्रामुख्याने दुसरा अर्थ स्वीकारला व त्यालाही प्रदेशपरत्वे निरनिराळे वळण दिले. मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इ. उपनगरांत ‘सोसायटी’ म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था व तिची इमारत, असा अर्थ दृढ झाला आहे. या अर्थांतराचा इतिहास हा उपनगरांतील निवासाचा, तसेच ‘आपल्यात कोण’ या प्रश्नाचाही इतिहास होय.

मराठी पर्याय : एकोणिसाव्या शतकात या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नव्हता. १८२२ मध्ये मुंबईत शालेय पुस्तके तयार करण्यासाठी स्थापन झालेल्या सोसायटीचा उल्लेख ‘मंडळी’ या शब्दाने होत असे. हाच शब्द पुढे ‘कंपनी’ या अर्थानेही चालला. किर्लोस्कर नाटक मंडळी (१८८०) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. प्रार्थना समाज (१८६७) व सत्यशोधक समाज (१८७३) यांच्या नावांत ‘समाज’ शब्द संघटित अनुयायांचा समूह या अर्थाने येतो, तर सार्वजनिक सभेने (१८७०) ‘सभा’ हा शब्द पत्करला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने (१८८४) मात्र इंग्रजी शब्दच कायम ठेवला. रयत शिक्षण संस्थेच्या (१९१९) नावात ‘संस्था’ हा पर्याय दिसतो. कालांतराने ‘समाज’ हा शब्द एकीकडे समग्र लोकसमूहासाठी व दुसरीकडे जातिसमूहासाठी वापरला जाऊ लागला, ‘मंडळी’ घरगुती बोलण्यात राहिली आणि ‘संस्था’ कायद्याच्या व कार्यालयीन भाषेत स्थिरावली. बोलीत मात्र ‘सोसायटी’ टिकली. तिला मराठीने स्त्रीलिंग दिले आणि सोसायट्या, सोसायटीत, सोसायटीचा अशी मराठी रूपे चालू लागली.

ग्रामीण व नागरी अर्थ : १९०४ च्या सहकारी पतसंस्थाविषयक कायद्याने शेतकऱ्यांच्या पतपुरवठा संस्थांना वैधानिक पाया मिळाला. १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज अन्य प्रकारच्या सहकारी संस्थांच्या नोंदणीचा मार्ग मोकळा झाला. या दोन टप्प्यांतून मराठीत या शब्दाचे दोन अर्थ रूढ झाले. खेड्यात सोसायटी म्हणजे कर्ज देणारी विविध कार्यकारी सेवा संस्था. सातबाराच्या उताऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो, तो याच अर्थाने. शहरात सोसायटी म्हणजे राहण्याची जागा. सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातून बोरिवलीस येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदतात. गावाकडील सोसायटीचे हप्ते आणि मुंबईतील सोसायटीची मासिक देणी यांत घोटाळा होत नाही, कारण संदर्भानेच अर्थ ठरतो.

मुंबईतील प्रारंभ : मुंबईत गृहनिर्माणाच्या क्षेत्रात सहकाराचे तत्त्व आणण्याचे श्रेय मुख्यत्वे श्रीपाद सुब्राव तालमकी यांना दिले जाते. त्यांच्या प्रयत्नांनी १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. उपनगरांच्या सीमेवर वांद्रे येथे सॉल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्थेने वसाहत उभारली. या आरंभीच्या संस्थांच्या नावांतच त्यांच्या सभासदांचा समाज व्यक्त होतो. अनोळखी शहरात कर्जफेडीची हमी, परस्परविश्वास व समान रीतिरिवाज ज्ञातिबांधवांतच मिळण्यासारखे होते. परिणामी, कायद्याच्या दृष्टीने स्वेच्छेने बनलेली ‘सोसायटी’ आणि जन्माने लाभणारा ‘समाज’ या दोन भिन्न कल्पना प्रत्यक्षात एकमेकींत मिसळल्या.

उपनगरांतील प्रसार : १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. १९५० मध्ये अंधेरी व घाटकोपर, तर १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. या काळापर्यंत कष्टकरी व निम्न मध्यमवर्गीयांचे प्रमुख निवासस्थान चाळ हे होते. तीत मालक आणि भाडेकरू हे दोन पक्ष स्पष्ट असत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्याने देण्यासाठी इमारती बांधण्यातील लाभ घटला व मालकीच्या सदनिकांकडे बांधकाम व्यवसाय वळला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३ यांनी या बदलास चौकट दिली. सदनिका विकणाऱ्या प्रवर्तकाने खरेदीदारांची संस्था वा कंपनी स्थापण्यास साहाय्य करावे व जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यावी, असे बंधन दुसऱ्या अधिनियमाने घातले. अनेक प्रवर्तकांनी हे हस्तांतरण टाळल्यामुळे २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली.

बोलीतील अर्थविस्तार : फलकावर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ असे लिहिलेले असले, तरी रहिवासी तिला सोसायटीच म्हणतात. बोलण्यात या एका शब्दाने इमारत, तिचे आवार, कार्यकारी समिती आणि रहिवाशांचा समूह या सर्वांचा बोध होतो. ‘सोसायटीत पाणी आले नाही’, ‘सोसायटीने परवानगी दिली नाही’, ‘सोसायटीची पूजा आहे’ या तीन वाक्यांत तो अनुक्रमे वास्तू, सत्ता आणि समुदाय दर्शवितो. त्याला प्रतिष्ठेचीही छटा आहे. ‘आम्ही चाळीतून सोसायटीत आलो’ हे उद्‌गार स्वतंत्र स्वच्छतागृह, बंद दरवाजा आणि भागपत्र यांची प्राप्ती सूचित करतात. हे भागपत्र सामान्यतः प्रत्येकी ५० रुपयांच्या पाच वा दहा भागांचे असते. लाखो वा कोट्यवधी रुपयांच्या जागेवरील हक्क अशा अल्प मूल्याच्या कागदाशी निगडित असतो.

‘कॉलनी’शी तुलना : उपनगरांत रूढ असलेला ‘कॉलनी’ हा शब्द लॅटिन ‘कोलोनस’ म्हणजे शेतकरी यापासून आला आहे. मराठीत साम्राज्याच्या कॉलनीला व घरांच्या कॉलनीला ‘वसाहत’ हा एकच पर्याय आहे. कॉलनी बहुधा कोणीतरी दुसऱ्याने वसविलेली असते : रेल्वेने कर्मचाऱ्यांसाठी, गृहनिर्माण मंडळाने अल्प उत्पन्न गटांसाठी किंवा शासनाने गोठ्यांसाठी. गोरेगावची आरे कॉलनी (१९४९) हे शेवटच्या प्रकारचे उदाहरण. सोसायटी मात्र तत्त्वतः सभासदांनी स्वतः बनविलेली असते. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींतील भाडेकरूंनी इमारतवार संस्था नोंदवून जागा ताब्यात घेतल्या, तेव्हा कॉलनीची सोसायटी झाली. १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत हा क्रम उलटला. तेथे इमारत उभी राहण्यापूर्वीच झोपडीवासीयांना ‘नियोजित सोसायटी’ स्थापावी लागते. प्रारंभी ७० टक्के पात्र रहिवाशांची संमती आवश्यक होती; पुढे ही अट शिथिल झाली. ज्यांची झोपडी ठरावीक दिनांकापूर्वीची सिद्ध होते, ते पात्र ठरतात. ‘सभासद’ आणि ‘अपात्र’ यांतील भेद येथे निवाऱ्याचाच प्रश्न ठरतो.

सभासदत्व व समाज : संस्थेच्या दृष्टीने तेथे राहणारा प्रत्येक जण सभासद नसतो. भाडेकरू नाममात्र सभासद होऊ शकतो, परंतु त्यास मताधिकार नसतो. घरकाम करणाऱ्या स्त्रिया व पहारेकरी दिवसाचा मोठा भाग सोसायटीत घालवितात. ते सोसायटीचे घटक मात्र समजले जात नाहीत. सभासदत्व एखाद्या समाजापुरते मर्यादित ठेवावे काय, हा प्रश्न अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २००५ मध्ये न्यायालयाने अशी मर्यादा घालणारी उपविधी वैध ठरविली. धर्म, भाषा वा आहार यांवरून घर नाकारले जाण्याच्या तक्रारी मुंबईतही वारंवार होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड येथील एका इमारतीत मराठी असल्याच्या कारणावरून एका महिलेस कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा प्रकार पोलिसांपर्यंत गेला.

सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने २०१२ पासून सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये स्पष्टपणे समाविष्ट झाला. संस्था बनविण्याच्या या स्वातंत्र्यात सोबती निवडण्याचे स्वातंत्र्य अभिप्रेत आहे. त्याच स्वातंत्र्यातून इतरांना वगळण्याची सत्ताही निर्माण होते. उपनगरांतील बोलीने समाजवाचक इंग्रजी शब्दाला भिंतीच्या आतील समूहापुरते मर्यादित केले. त्या भिंतीबाहेरील समाजाशी तिचे नाते काय, हा प्रश्न मूळ शब्दातील ‘सोबती’ या अर्थाइतकाच जुना आहे.