कलम ३०९ : वाचलेला माणूस आरोपी कसा झाला?

आजचा विषय जड आहे. ऐकताना किंवा वाचताना त्रास झाला तर पॉज करा, नंतर या.

साल १९८५. मुंबई पोलिसातला एक कॉन्स्टेबल. काही वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार बसला आणि मानसिक आजार मागे लागला. बायकोला भाजीचा गाळा लावायचा होता, त्याची परवानगी मिळेना. हा महापालिका आयुक्तांना भेटायला गेला, भेट झाली नाही, आणि तिथंच त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. वेळेत अडवलं म्हणून वाचला. आणि वाचला म्हणून आरोपी झाला!

कारण इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेत कलम ३०९ होतं. आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज दिसला म्हणून स्क्रीनलाच शिक्षा.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १९८६ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. निकालाचा सूर साधा होता: मनाच्या आजारातून असं करणाऱ्याला उपचार हवेत, कोठडी नको. मला यातलं मोठं हे वाटतं, की कोर्टानं 'काय केलं' याच्या मागे जाऊन 'का केलं' हे विचारलं.

त्या 'का'ला पुढं एक नावही मिळालं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी १९९३ मध्ये 'सायकेक' हा शब्द मांडला. सायकेक म्हणजे सहन न होणारी मनाची वेदना. त्यांचं म्हणणं असं, की अशा माणसाला मरण हवं असतं त्यापेक्षा ती वेदना थांबायला हवी असते. दुसरा रस्ताच दिसत नसतो, इतकी नजर आखडलेली असते. म्हणून 'एवढ्याशा गोष्टीसाठी?' हा आपला लाडका प्रश्न फुकट जातो. भाजीचा गाळा ही शेवटची गोष्ट होती, एकटी नव्हे.

कोर्टकचेरी तिथं संपली नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये कलम रद्द ठरवलं, १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांनी ते परत वैध केलं. मधल्या काळात घरोघरी काय चाललं, ते आपल्याकडं सगळ्यांना माहितीये. दवाखान्यात 'चुकून झालं' असं सांगायचं, नाहीतर पोलीस जबाब घ्यायला येतील. डॉक्टर शरीर बरं करायचे, दुखणं तसंच घरी परत यायचं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम ११५ नं हे उलटं केलं. प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच आता गृहीत धरायचं, खटला नाही, आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३०९ उरलंच नाही. पण एक फट आहे. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर कलम २२६ लागतं. कलेक्टर कचेरीवर आत्मदहनाचे इशारे आपल्या नंदुरबारला नवीन नाहीत. आयुक्तांच्या दारातला तो कॉन्स्टेबल आज आला असता तर कुठल्या कलमात बसला असता? मला उत्तर सोपं वाटत नाही.

तोवर, कुणी 'आता नको वाटतं' म्हणालं तर सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. आणि ते तुम्हीच असाल, तर टेलीमानसचा नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतून. धडगाव, अक्कलकुव्याकडं डोंगरात असाल तर रेंज येते त्या टेकडीवर जाऊन लावा. कुणाला तरी सोबत घेऊन जा.