भावाचा वाटा

वाटणीवरून भाऊ भावाला पारखा झाल्याच्या कथा आपल्याकडे महाभारतापासून आहेत. डिसेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘रेन मॅन’ हा चित्रपटही वरवर पाहता वाटणीचीच गोष्ट सांगतो. बॅरी लेव्हिन्सन याने दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला १९८९ साली चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. इतिहासाचा अध्यापक या नात्याने मला मात्र तो निराळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. घरातल्या एखाद्या मुलाला जगाच्या नजरेआड ठेवण्याची जी रीत विसाव्या शतकात रूढ होती, तिच्या खुणा त्यात जागोजागी उमटल्या आहेत.

कथानक थोडक्यात असे. चार्ली बॅबिट हा लॉस एंजेलिसमधला मोटारींचा व्यापारी. वडिलांशी त्याचे कधीच फाटलेले. वडील वारतात आणि मृत्युपत्राने चार्लीच्या वाट्याला येतात एक १९४९ सालची ब्युइक मोटार आणि गुलाबाची झाडे. उरलेले तीस लाख डॉलर कुणासाठी ठेवले, याचा माग काढत तो सिनसिनाटीजवळच्या एका संस्थेत पोहोचतो. तिथे त्याला कळते की, आपल्याला एक थोरला भाऊ आहे. हा रेमंड स्वमग्न आहे. निम्म्या रकमेसाठी चार्ली त्याला घेऊन निघतो. रेमंड विमानात बसायला तयार नाही. म्हणून दोघे त्याच जुन्या मोटारीतून देश ओलांडतात. वाटेत उलगडा होतो तो असा : लहानपणी आपल्याला गाणी म्हणून दाखवणारा जो ‘रेन मॅन’ चार्लीला कल्पनेतला सवंगडी वाटत होता, तो रेमंडच. बोबड्या बोलीत ‘रेमंड’चा ‘रेन मॅन’ झाला होता. तान्ह्या भावाला कढत पाण्याने इजा होईल, या भीतीने थोरल्याला घराबाहेर ठेवण्यात आले. हे कळल्यावर चार्लीच्या मनातला पैशाचा हिशेब मागे पडतो.

या कथेमागचा इतिहास बोलका आहे. बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र ओळख मिळाली. पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अॅस्परगर यांनीही अशाच मुलांविषयी लिहिले. पण ओळख पटली म्हणून समज आली असे झाले नाही. आईबापांच्या, विशेषतः आईच्या, कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, हे मत अमेरिकेत दोन-तीन दशके प्रतिष्ठित मानले गेले. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने त्याला बळ दिले. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने हे मत खोडून काढले होते. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. पुढे १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा पुरावा पुढे आणला. तोवर कित्येक आयांनी विनाकारण अपराधीपण सोसले होते.

मुलाला संस्थेत ठेवून विसरून जावे, हा सल्ला त्या काळी डॉक्टरच देत. न्यूयॉर्कच्या विलोब्रूक या सरकारी संस्थेतले हाल १९७२ साली दूरचित्रवाणीने जगासमोर आणले; ती १९८७ साली बंद झाली. ‘रेन मॅन’चा मूळ लेखक बॅरी मॉरो याला ही दुनिया जवळून ठाऊक होती. बिल सॅक्टर नावाचा एक गृहस्थ सातव्या वर्षी मिनेसोटातल्या अशा संस्थेत गेला आणि चव्वेचाळीस वर्षांनी बाहेर आला. मॉरोने त्याच्याशी मैत्री केली, त्याचे पालकत्व पत्करले. आयोवा विद्यापीठात बिल कॉफीचे छोटे दुकान चालवू लागला. त्याच्यावर १९८१ साली निघालेल्या दूरचित्रपटाची कथा मॉरोचीच होती.

पुढे १९८४ साली मॉरोला किम पीक भेटला. त्याच्यावरून रेमंड सुचला. किम १९५१ साली सॉल्ट लेक सिटीत जन्मला. मेंदूचे दोन भाग जोडणारा तंतूंचा पट्टाच त्याला नव्हता. हजारो पुस्तके त्याला मुखोद्गत होती; पण सदऱ्याची बटणे लावायला मदत लागे. तो नऊ महिन्यांचा असताना डॉक्टरांनी त्याला संस्थेत ठेवण्यास सुचवले होते. आईवडिलांनी ते मानले नाही. किम २००९ साली वारला, तोवर वडील फ्रॅन यांनी त्याची काळजी वाहिली. पुढील तपासण्यांवरून किम स्वमग्न नव्हता, असेच जाणकारांचे मत झाले. चित्रपटासाठी मात्र नायक स्वमग्न ठरवण्यात आला आणि डस्टिन हॉफमनने त्यासाठी बराच अभ्यास केला.

या यशाचा एक तोटाही झाला. स्वमग्न माणूस म्हणजे आकडेमोडीचा चमत्कार, अशी समजूत पसरली. २००८ सालच्या हिंदी ‘युवराज’मध्येही वारसा, दुरावलेले भाऊ आणि असामान्य देणगी असलेला थोरला, हीच मांडणी दिसते. वस्तुतः बहुसंख्य स्वमग्न व्यक्तींत अशी देणगी नसते. चमत्कार दाखवता आला नाही, तर त्या भावाचा हक्क कमी होतो काय?

आपल्या देशात १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याला कायदेशीर पालक नेमून देण्याची सोय त्यात जिल्हा पातळीवरील समितीकडे आहे. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश केला. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी या तरतुदींची चौकशी अवश्य करावी. ‘आमच्यामागे याचे काय?’ या प्रश्नाला शेजाऱ्यांची सहानुभूती पुरे पडत नाही.

सीमाभागातल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. घरी मराठी आणि बाहेर कन्नड असल्याने अशा मुलाचा गोंधळ वाढेल. तेव्हा घरची भाषा सोडा, असा सल्ला पालकांना पुष्कळदा मिळतो. गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांत दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचे नुकसान झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. आजी ज्या भाषेत हाक मारते, तीच त्या मुलापासून काढून घेतली, तर घरात राहूनही ते घराबाहेरचे होईल.

चित्रपटाच्या शेवटी रेमंड आगगाडीने संस्थेत परततो. त्याची काळजी घेणे आपल्याच्याने होणार नाही, हे चार्लीला कळून चुकलेले असते. ज्या लेखकाने बिलला आपलेसे केले आणि ज्या किमच्या वडिलांनी त्याला घरीच वाढवले, त्यांच्यापासून स्फुरलेल्या कथेचा शेवट असा व्हावा, याचे मला नवल वाटते. तरीही चार्लीला मी दोष देत नाही. चांगली संस्था म्हणजे तुरुंग नव्हे, आणि दोन-चार दिवसांच्या प्रवासाने कोणी कोणाचा पालक होत नाही. गडबड खूप आधी झाली होती. थोरल्याचे नावच धाकट्यापासून लपवण्यात आले, आणि दोघांनी बरोबर वाढण्याची वर्षे गेली. आपल्या घरांत आज इतके तरी करता येईल : जे भावंड वेगळे आहे, त्याचे नाव बाकीच्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून असू द्यावे, लग्नकार्यात त्याला आतल्या खोलीत न ठेवता पंक्तीला बसवावे आणि शेताच्या, घराच्या कागदांवर त्याचा वाटा वेळीच लिहून ठेवावा.