डायनामोची सवय

(संपादित नभोवाणी भाषण)

आज मी तुम्हाला मोटारीच्या एका भागाचा इतिहास सांगणार आहे. भाग लहानच, सोललेल्या नारळापेक्षा थोडा मोठा. इंजिनच्या बाजूला पट्ट्यावर फिरत असतो आणि बिघडेपर्यंत त्याची आठवण कुणालाही होत नाही. त्याचं नाव अल्टरनेटर. मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. पण या भागाचा इतिहास मला ठाऊक नव्हता, आणि त्याची किंमत एका रात्री माझ्या वहिनींना मोजावी लागली असती.

आमच्या वडिलांकडे १९६६ सालची फियाट होती. तेव्हा नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, म्हणून त्यांनी ती जुनीच विकत घेतली. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कंपनीची, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी. तिच्यात अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता. गाडी उभी असली की तिचे दिवे मिणमिणायचे आणि वेग घेतला की उजळायचे. रात्री रेल्वे फाटकावर थांबलो की वडील आधी दिवे बंद करत. डायनामो मंद फिरला की बॅटरीत काहीच जमा होत नाही, उलट असलेलं खर्च होतं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

डायनामो काम करतो की नाही, हे पाहण्याची त्यांची एक पद्धत होती. इंजिन चालू करायचं आणि बॅटरीची एक तार काढायची. इंजिन चालतच राहिलं तर डायनामो ठीक, बंद पडलं तर डायनामो गेला. त्या काळी कितीतरी ड्रायव्हर असंच करत. वडिलांनी मला ते शिकवलं आणि मी ते पाठ केलं.

पुढे मी स्वतः १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी घेतली. दिसायला तीच गाडी, पण तिच्यात अल्टरनेटर होता. मला वाटलं, नाव बदललं, काम तेच.

१९८९ च्या डिसेंबरात आम्ही जिंतूरला होतो. वहिनींचे दिवस भरत आले होते आणि दादा कामानिमित्त परगावी होता. वेळ आली तर परभणीला न्यायचं, म्हणून दुपारी मी गाडी तपासली. पाणी, तेल, हवा पाहिली. शेवटी वडिलांची ती परीक्षा. इंजिन चालू केलं आणि बॅटरीची तार काढली. इंजिन चालत राहिलं. मी समाधानानं तार परत लावली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा त्यानंतर मंद पेटलेला दिसला, पण बल्बच खराब झाला असेल म्हणून मी सोडून दिलं.

रात्री अकराच्या सुमाराला वहिनींना कळा सुरू झाल्या. आई आणि वहिनी मागे बसल्या. जिंतूर ते परभणी चाळीसेक किलोमीटर. बोरी येईपर्यंत पुढचे दिवे पिवळे पडले होते. बोरी मागे पडली तेव्हा रस्त्याच्या कडेची झाडंही नीट दिसेनात. लाल दिवा आता ठळक पेटला होता. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की बॅटरीत वीज जमाच होत नाही. जी शिल्लक आहे तिच्यावर एक तर दिवे चालतील, नाहीतर इंजिनच्या ठिणग्या. दोन्ही फार वेळ चालणार नाहीत.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, थांबू नका."

मागून एक ट्रक आला. मी हात बाहेर काढून त्याला थांबवलं आणि अडचण सांगितली. ड्रायव्हरनं गाडीत डोकावून पाहिलं. "तुम्ही लाइट बंद करा अन् माझ्या मागं मागं या," तो म्हणाला. "मी हळू चालवतो. ब्रेक मारायच्या आधी हात दाखवीन." झरी, मग परभणी. त्या ट्रकच्या मागच्या दोन लाल दिव्यांवर नजर ठेवून मी अंधारात गाडी चालवली. दवाखान्याच्या दारात पोचलो आणि पहाटे पुतण्याचा जन्म झाला. ट्रकवाल्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी अल्टरनेटर उतरवला, खोलला, आतली डायोडची प्लेट हातात धरली आणि विचारलं, "सर, चालू गाडीत बॅटरीची तार कुणी काढली?"

मी म्हणालो, "मीच."

ते रागावले नाहीत. फळीवरून एक जुना डायनामो काढून त्यांनी अल्टरनेटरच्या शेजारी ठेवला आणि मला समजावलं. त्या दिवशी त्यांनी सांगितलेलं आणि पुढे मी पुस्तकांतून वाचलेलं, असं मिळून हा इतिहास आहे.

चुंबक आणि तारेचं वेटोळं यांची हालचाल झाली की वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये इपोलीत पिक्सीनं हातानं फिरवायचं यंत्र बनवलं. पण त्यातली वीज कधी एका दिशेनं, कधी उलट दिशेनं वाहू लागली. तेव्हाच्या लोकांना तो यंत्राचा दोष वाटला, कारण त्यांना ठाऊक असलेली बॅटरीची वीज एकाच दिशेनं वाहत होती. अँपिअरच्या सूचनेवरून पिक्सीनं यंत्राला कॉम्युटेटर बसवला आणि वीज एका दिशेला वळवली. म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज आधीची. डायनामो ही तिच्यावर केलेली दुरुस्ती.

१९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला. हँडल मारायचं सुटलं, पण बॅटरी भरत राहणं गरजेचं झालं, आणि पुढची जवळपास ५० वर्षं ते काम डायनामोनं केलं. त्याची अडचण अशी की त्याच्यात तारांचं वेटोळंच फिरतं आणि तयार झालेली सगळी वीज कॉम्युटेटरवर घासणाऱ्या कार्बनमधून बाहेर काढावी लागते. ठिणग्या उडतात, कार्बन झिजतो. फार वेगानं फिरवावं तर वेटोळं तुटण्याची भीती. म्हणून त्याची पुली मोठी ठेवावी लागे, आणि गाडी उभी असताना तो पुरेसा फिरत नसे.

अल्टरनेटरमध्ये उलटं आहे. चुंबक फिरतो, वेटोळं जागच्या जागी राहतं. कार्बनमधून जाते ती चुंबकासाठी लागणारी थोडीशीच वीज. यंत्र वेगानं फिरवता येतं, म्हणून गाडी उभी असतानाही बॅटरी भरते. "सर, आपल्या येलदरीच्या धरणावर वीज बनवणारी मशीन आहे ना, तिचीच ही नात," उस्ताद म्हणाले. ते खरंच आहे. येलदरीच्या संचातही चुंबकच फिरतो.

मग ही सोय मोटारीत इतक्या उशिरा का आली? कारण बॅटरीला एकाच दिशेची वीज चालते. उलटसुलट विजेला वळण लावणारी लहान, स्वस्त वस्तू नव्हती. ती सिलिकॉनच्या डायोडनं पुरवली. पाणी एकाच बाजूला जाऊ देणारा विहिरीच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह असतो, तसा हा विजेचा व्हॉल्व्ह. सहा डायोड बसवले की कॉम्युटेटरचं काम घासल्याशिवाय, ठिणगीशिवाय होतं. क्रायस्लर कंपनीनं १९६० च्या व्हॅलिअंट मोटारीत अल्टरनेटर दिला आणि पुढे तो सगळीकडे पसरला. पिक्सीच्या यंत्रातला जो दोष म्हणून झाकला होता, तो सव्वाशे वर्षांनी गुण म्हणून परत आला.

आता माझी चूक. बॅटरी ही विजेचा धक्का झेलणारी गादीही असते. शेतात मोटार चालू असताना पाइपाचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाइप फुटतो. तसंच, चालू गाडीत बॅटरी तोडली की अल्टरनेटरचा दाब एकदम चढतो आणि डायोड फुटतात. जाडजूड तांबं आणि कार्बनचा डायनामो असला धक्का बहुधा सोसून जाई. वडिलांनी मला खोटं शिकवलं नव्हतं. त्यांच्या यंत्राला ते लागू होतं. यंत्र बदललं आणि मी त्यांची सवय तशीच पुढे चालवली.

उस्तादांनी दुसरा अल्टरनेटर बसवला तोही मी नीट पाहिला. आधी गाडी बंद करून बॅटरीची अर्थिंगची तार काढली. पट्टा सैल केला, वायरींच्या जागा खडूनं लिहून ठेवल्या, जुना काढला, नवा चढवला. पुली इंजिनच्या पुलीशी एका रेषेत आहे का ते वाकून पाहिलं. पट्टा अंगठ्यानं दाबून जेमतेम बोटाच्या जाडीएवढा दबेल इतपतच ताणला, कारण जास्त ताणला की बेअरिंग जातं. शेवटी गाडी चालू करून बॅटरीवर मीटर लावला. काटा १४ व्होल्टच्या आसपास स्थिरावला. "ही तुमची परीक्षा," ते म्हणाले. "तार काढायची नाही, मीटर लावायचा."

पद्मिनीचं उत्पादन थांबून आता बरीच वर्षं झाली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ मध्ये निवृत्त झाली. माझी गाडी अजून आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा अल्टरनेटर पुन्हा गेला तेव्हा उस्तादांच्या मुलानं तो बदलला. उस्ताद आता नाहीत. तो जुना डायनामो मात्र फळीवर अजून आहे.

त्या पहाटे जन्मलेल्या पुतण्यानं अलीकडेच विजेवर चालणारी गाडी घेतली. तिच्यात अल्टरनेटरच नाही. उतारावर वेग कमी केला की तिची मोटारच बॅटरी भरते. मला ती दाखवताना त्याला सवयीनं काही सांगायला गेलो आणि थांबलो. म्हटलं, आधी या यंत्राचं पुस्तक वाचू.

श्रोतेहो, तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि तो लाल दिवा मंद का होईना पेटलेला दिसला, तर बल्बला दोष देऊ नका. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नका.