राईट बंधूंचे तडकलेले दांडे

राईट बंधूंच्या धाडसाचें कौतुक सारें जग करतें. आम्हांस त्यांच्या संयमाचें अधिक वाटतें. १९०३ च्या नोव्हेंबरांत किटी हॉकजवळील वाळूच्या टेकड्यांत त्यांनीं आपल्या विमानाचें इंजिन प्रथम चालविलें, तेव्हां त्याच्या अनियमित स्फोटांनीं असे हिसके बसले कीं, पंख्यांचे पोकळ दांडे दुखावले. डेटनच्या आपल्या दुकानांतून ते दुरुस्त करून आणले, तरी साखळीचीं दंतचक्रें पुन्हां सैल झालीं. सायकलच्या टायरास लावावयाचा चिकटा भरून तीं घट्ट बसविलीं. येथें दुसरा कोणी समाधान मानता. परंतु २८ नोव्हेंबरला एका दांड्यास तडा आढळला. सैल चक्र हें लक्षण होतें. व्याधि होती ती हिसके न सोसणाऱ्या पोकळ दांड्यांत! हिवाळा तोंडावर असतां ऑर्व्हिल डेटनला परतला आणि कमी जाडीचे, भरीव पोलादी दांडे घेऊन ११ डिसेंबरला आला. १७ डिसेंबरला १२ सेकंदांचें, १२० फुटांचें उड्डाण झालें. तो तडा हवेंत फुटता तर? घरीं विमान बांधणाऱ्या प्रत्येकानें हें स्मरावें: कंप जाणवतो एकीकडे, मूळ असतें दुसरीकडे, नुसता बोल्ट आवळून त्यानें जमीन सोडूं नये.