फेअरली आणि रादर

फेअरली आणि रादर ही इंग्रजी भाषेतील परिमाणवाचक क्रियाविशेषणे आहेत. दोन्हींचा अर्थ 'बऱ्यापैकी' असा दिला जातो. तथापि त्यांच्या छटा भिन्न आहेत. फेअरली सौम्य असून बहुधा अनुकूल विशेषणांपूर्वी येते. रादर अधिक जोरकस असून प्रतिकूल विशेषणांपूर्वी विशेष आढळते. त्यामुळे पाण्याविषयी 'फेअरली वॉर्म' म्हटल्यास ते हवे तसे कोमट, तर 'रादर वॉर्म' म्हटल्यास नको तितके गरम, असे सूचित होऊ शकते. 'रादर गुड' मध्ये मात्र अपेक्षेहून चांगले असा भाव असतो. 'बेटर' सारख्या तुलनादर्शक रूपापूर्वी रादर चालते, फेअरली चालत नाही. भाषांतरात दोन्हींसाठी 'बऱ्यापैकी' योजल्यास वक्त्याची नापसंती लोपते; 'जरा गरमच' यातील 'च' ती राखतो.