कचेरी किती दूर?

विद्यार्थी मित्रहो, नकाशात कोकण पाहा. पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस अरबी समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. जुना रत्नागिरी जिल्हा या पट्टीत मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत लांबच लांब पसरला होता. वेंगुर्ल्याहून किनाऱ्याने रत्नागिरीची कलेक्टर कचेरी गाठायची तर कर्ली, विजयदुर्ग, राजापूर, पूर्णगड अशा खाड्या आडव्या! गरिबाचा अर्ज तिथवर पोचावा कसा? १ मे १९८१ रोजी दक्षिण भागाचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला. कचेरी ओरोसला आली.

आपल्याकडे खाड्या नाहीत, पण अंतर होतेच. वाशिम हे १९०५ पर्यंत जिल्ह्याचे ठाणे होते; पुढे ते अकोल्यात विलीन झाले. १ जुलै १९९८ रोजी जिल्हा परत मिळाला. तोवर रिसोडकरांना अकोलाच गाठावे लागे, हे वडीलधाऱ्यांना विचारा.